शंभर टक्क्यांचा दाखला

रुग्णालयांची नोंदणी, बँकांचे हिशेब आणि सरकारी खात्यांचे दप्तर ज्या काळात संगणकाच्या आज्ञावलींवर सोपवले गेले आहे, त्या काळात या आज्ञावलींची परीक्षा कितपत कसोशीने झाली, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही. पायथन या भाषेत, आज्ञावली चालू असताना ओळीओळीची वर्दी देणारी ‘सिस.सेटट्रेस’ ही सोय आहे. तिच्या आधारे ‘कव्हरेज.पाय’ हे साधन चाचण्यांच्या वेळी कोणत्या ओळी अमलात आल्या आणि कोणत्या अस्पर्शित राहिल्या, याची नोंद ठेवते. या नोंदीने गती मंदावते खरी. परंतु २०२३ साली आलेल्या पायथन ३.१२ मध्ये, एकदा नोंदलेल्या ओळीची वर्दी बंद करू देणारी ‘सिस.मॉनिटरिंग’ यंत्रणा मिळाल्यामुळे विलंबाची सबब आता फारशी टिकत नाही.

तथापि या नोंदीतून निघणारी टक्केवारी म्हणजे निर्दोषतेचा दाखला नव्हे. ओळ चालली, एवढेच ती सांगते; उत्तर बरोबर आले की नाही, हे पडताळणे चाचणी लिहिणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असते. भागाकाराची ओळ दोनाने भागून चालवली की ती तपासलेली ठरते, आणि भाजक शून्य आला की तीच कोसळते. अट खोटी ठरल्यावरची वाट तर शाखांची स्वतंत्र मोजणी केल्याविना अनेकदा दिसतच नाही. म्हणून व्यवस्थापकांनी शंभर टक्क्यांचा हुकूम सोडण्याऐवजी, न चाललेल्या ओळींची यादी समोर ठेवून त्यांतील प्रत्येकीची कैफियत मागावी, यातच लोकहित आहे.