खिशाची किल्ली ग्राहकाच्याच हाती हवी

वडनेर भोलजी हे बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील महामार्गावरचे गाव. अशा गावातील कुटुंबाला चांगली साडी वा हवे ते पुस्तक घ्यायचे, तर पूर्वी मलकापूर किंवा खामगाव गाठावे लागे. आज तीच वस्तू मोबाईलवरून मागविली की दारात येते. ही सोय स्वागतार्हच आहे. परंतु वस्तू घरात येते तेव्हा घरातील माहिती बाहेर जाते, आणि या देवाणघेवाणीचा विचार समाजात पुरेसा झालेला नाही.

गावच्या वाण्याकडेही उधारीची वही होती. कोणाकडे किती तेल-साखर लागते, कोणाची बाकी किती थकली, हे त्याला ठाऊक असे. मात्र त्याने ती वही चव्हाट्यावर वाचली असती, तर गावात तोंड दाखविणे त्याला कठीण झाले असते. दूरवरच्या ऑनलाईन दुकानाला ही लोकलज्जा नाही. लेकीच्या लग्नाची खरेदी, आजीची औषधे, मुलाची स्पर्धा परीक्षेची पुस्तके या नोंदी एकत्र केल्या की घराची आर्थिक कुंडली तयार होते. ती कोण पाहतो, याचा त्या घराला पत्ताही नसतो.

"मनात काळेबेरे नसेल तर लपवायचे कशाला?" असा प्रश्न काही जण करतात. तो फसवा आहे. घामाने मिळविलेला पैसाही कोणी रस्त्यावर बसून मोजत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने न्या. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर निकाल देताना खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने मान्य केले. कर भरणे आणि कायदेशीर चौकशीत खरी माहिती देणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे. पण व्यापाऱ्याचे कुतूहल भागविणे हे काही राष्ट्रकर्तव्य नव्हे.

माहिती जितक्या ठिकाणी साठते, तितक्या चोरवाटा निर्माण होतात. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. जुन्या, नावाजलेल्या बँकेवर असा प्रसंग येतो, तर आपल्या कार्डाचा क्रमांक दहा दुकानांच्या संगणकांत कशाला पडू द्यावा? रिझर्व्ह बँकेने हे ओळखले. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई झाली. त्याऐवजी 'टोकन' हा पर्यायी क्रमांक वापरला जातो. तो चोरीला गेला तरी दुसऱ्या दुकानात चालत नाही. टोकन घ्यावे की नाही, हेही ग्राहकाच्या संमतीवर सोडले आहे. त्याआधी एप्रिल २०१८ मध्ये भारतीयांच्या देयकांची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला होता. तो न पाळल्याबद्दल जुलै २०२१ मध्ये मास्टरकार्डसारख्या बलाढ्य परदेशी कंपनीला नवे ग्राहक घेण्यास बंदी झाली. पूर्तता झाल्यावर जून २०२२ मध्ये ती उठली. निर्धार असेल तर बलाढ्य कंपन्यांनाही भारताचा नियम पाळावा लागतो, हाच याचा अर्थ.

तथापि केवळ नियमांनी भागत नाही. पैसे कसे द्यायचे याची निवडही खरी असली पाहिजे. वस्तू हाती पडल्यावर रोख पैसे देणारी गृहिणी मागासलेली नसते, ती सावध असते. तिच्यावर शेवटच्या क्षणी जादा आकार लादणे ही निवड नसून शिक्षा आहे. ग्राहकाला चकविणाऱ्या तेरा क्लृप्त्या, म्हणजेच 'डार्क पॅटर्न्स', ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद झाल्या. रोखीवरील जादा आकाराच्या तक्रारींची चौकशी केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कायद्याची ही चाल पुरेशी वेगवान नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. चौकशीचे फलित ग्राहकाच्या पावतीवर दिसले पाहिजे.

आपल्या हातीही पुष्कळ आहे. अनोळखी दुकानातून मागविताना शक्य तेथे रोखीचा पर्याय घ्यावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झाल्यास लाजेने गप्प न बसता तत्काळ बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. विलंब चोराच्याच पथ्यावर पडतो. कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतील ज्येष्ठांना आणि माता-भगिनींना एवढे जरी समजावून सांगितले, तरी ती मोठी समाजसेवा ठरेल. बाजार घरात आला आहे, तो येवो. घराची तिजोरी मात्र त्याच्यासाठी उघडी टाकण्याचे कारण नाही.