ताप उतरला, पण आजार सरला का?

‘ताप कधीच गेला डॉक्टर, पण खोकला काही हटेना. अंगात ताकदच राहिली नाही.’ थंडीच्या दिवसांत बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात ही तक्रार ऐकू येते. मग मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणले जाते, नाहीतर ‘एक सलाईन लावाच’ असा आग्रह होतो.

बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते. विषाणू शरीरातून गेला, तरी श्वासनलिकेचे आतले अस्तर काही काळ सुजलेले आणि हुळहुळे राहते. थंड वारा, धूळ, चुलीचा धूर लागला की उबळ येते. मार्च 2023 मध्ये ‘एच3एन2’ची साथ होती, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने स्पष्ट सांगितले होते, की ताप तीन दिवसांत उतरतो, पण खोकला तीन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. विनाकारण अँटिबायोटिक घेऊ नका, असेही बजावले होते. ही औषधे जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. उगाच घेतली, तर खऱ्या गरजेच्या वेळी ती निकामी ठरण्याचा धोका वाढतो.

म्हणजे खरे औषध विश्रांती आणि थोडा धीर. पण हा सल्ला आपल्या जिल्ह्यात किती जणांना परवडतो? दसरा-दिवाळी झाली की इथले ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस फडात गेले नाही तर खाडा पडतो. मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंडही कापला जातो. अशा माणसाला ‘आठवडाभर आराम करा’ म्हणणे म्हणजे कोरडा उपदेश. तो गोळी घेऊन पहाटे थंडीत मोळ्या बांधायला जाणारच. त्याला अडाणी म्हणण्याआधी खाड्याचा हिशेब पाहावा. आजारपणाचा खाडा बंद झाला पाहिजे. मुकादम, कारखाने आणि सरकार यांनी तो प्रश्न पैशाचा नव्हे, आरोग्याचा मानावा.

धीर धरणे म्हणजे दुर्लक्ष करणे मात्र नव्हे. खोकला दोन आठवडे टिकला, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. तो बहुधा साधाच निघेल, पण क्षयरोग नाही याची खात्री हवी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. गाव सोडून फडावर असाल, तर तिथल्या आरोग्य केंद्रात जावे. उतरलेला ताप पुन्हा चढला, बसल्या जागी दम लागला, छातीत दुखले, थुंकीत रक्त दिसले किंवा वजन घटू लागले, तर दोन आठवडेही थांबू नये.

बाकीच्यांनी कोमट पाणी प्यावे, धुरापासून लांब राहावे, झोप पुरी करावी आणि झेपेल तेवढेच काम हळूहळू वाढवावे. ताप उतरणे ही बरे होण्याची सुरुवात असते. पुढचे काही दिवस शरीराला मिळालेच पाहिजेत, मग तो माणूस कार्यालयात बसणारा असो की फडात कोयता चालवणारा.