शेवटच्या ओळीपर्यंत निरूपण

हरिनाम सप्ताहाची बैठक बसली की मंडप केवढा, पंगती किती, बिदागी किती यावर गाव तासन्‌तास बोलतं. स्पीकरचा विषय मात्र ‘गेल्या वेळचाच सांगा, आवाज जरा वाढवायला लावा’ एवढ्यात मिटतो. मग मंडपाच्या मागच्या भागात बसलेल्यांना चाल ऐकू येते, टाळ ऐकू येतात, निरूपण कळत नाही. अभंगाचा अर्थ उलगडणं हा कीर्तनाचा गाभा असताना ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. ती दूर करायला स्पीकरची भिंत लागत नाही. चार-सहा माईक, एक मिक्सर, अॅम्प्लिफायर आणि चार स्पीकर पुरतात. अडतं ते मांडणीत.

कीर्तनाची रचनाच ध्वनीच्या दृष्टीने अवघड आहे. कीर्तनकार पुढे, मागे टाळकऱ्यांच्या रांगा, बाजूला पखवाज आणि पेटी. बोलण्याचा माईक सहसा समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी घेतो. पण त्याचं तोंड कीर्तनकारांकडे असतं, म्हणजेच त्यांच्यामागच्या टाळांकडेही. त्यामुळे मिक्सरवर कीर्तनकारांचा आवाज वाढवला की टाळही तेवढेच वाढतात. यावर खरा उपाय एकच, माईक तोंडाजवळ आणणे. अंतर ३० सेंटिमीटरवरून १५वर आलं तर माईकमध्ये बोलणं सुमारे ६ डेसिबलने वाढतं आणि पाच-सहा फूट मागचे टाळ जवळपास होते तेवढेच राहतात. पावली खेळणाऱ्या कीर्तनकारांना स्टँडचा माईक गैरसोयीचा. त्यांना गालाजवळ राहणारा हेडसेट द्यावा. उपरण्याला लावलेला कॉलर माईक नेटका दिसतो, पण तो बहुधा चहूबाजूंचं ऐकतो आणि तोंडापासून वीतभर लांब असतो. टाळांना वेगळा माईक तर देऊच नये. चालू माईक दुप्पट झाले की शिट्टी वाजेपर्यंत आवाज वाढवायला मिळणारी मोकळीक सुमारे ३ डेसिबलने घटते.

ही शिट्टी वाजते, कारण स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, परत शिरतो. म्हणून मुख्य स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून हवेत. व्यासपीठाच्या मागच्या कोपऱ्यात सजावटीआड ते ठेवण्याची पद्धत बंद व्हायला हवी. कीर्तनकार आणि टाळकऱ्यांसाठीचा मॉनिटर समोर खाली, माईकच्या पाठीकडून त्यांच्याकडे तोंड करून ठेवावा.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पहिली ओळ स्पीकरपासून ३ मीटरवर आणि शेवटची २४ मीटरवर असेल तर फरक १८ डेसिबलचा पडतो. मागच्यांसाठी आवाज वाढवला की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या कानठळ्या बसतात. स्पीकर स्टँडवर डोक्यांच्या वर चढवले तर हा फरक कमी होतो आणि त, स, च यांची धार गर्दीत अडत नाही. लांब मंडपाला तरीही मधे दुसरी जोडी हवी, हळू आवाजात. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. २० मीटरवरच्या मुख्य स्पीकरचा आवाज या जोडीपाशी ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. डिजिटल मिक्सरवर मधल्या जोडीला तेवढाच उशीर लावावा, नाहीतर शब्द एकमेकांत मिसळतात. बोलण्याच्या माईकवर १०० हर्ट्‌झखालचा भाग कापला की घुमणं कमी होतं. पखवाजाच्या माईकवर तो कापू नये. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा खर्ज तिथेच असतो.

एका सवयीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. स्पीकरमधली गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडली जाते. माईकची जाळी धातूची, कीर्तनकार अनवाणी, श्रावणात जमीन ओली. यंत्रात बिघाड झाला तर वीज थेट माईकपर्यंत येऊ शकते. मिक्सर आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवले तर गुणगुण बरीच कमी होते. जोडीला विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावाच.

ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम उघड्या मंडपाला लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. शब्द नीट पोचत असले की आवाज वाढवण्याची गरजच कमी पडते, त्यामुळे नियम पाळणंही सोपं जातं.

आमची सूचना मंडळांना आहे. मिक्सर व्यासपीठाआड ठेवू नका, श्रोत्यांमध्ये ठेवा. चालवणाऱ्याला लोक जे ऐकतात ते ऐकू आलं पाहिजे. चाचणी रिकाम्या व्यासपीठावर ‘हॅलो, हॅलो’ म्हणून उरकू नका. टाळकरी उभे करा, पखवाज वाजू द्या, कुणाला तरी पाच मिनिटं बोलायला लावा आणि एका कार्यकर्त्याला शेवटच्या ओळीत बसवून त्याने काय ऐकलं ते विचारा. हे सगळं सांभाळणाऱ्या माणसाचं मानधन सामानाच्या भाड्यात न मिसळता अंदाजपत्रकात वेगळं लिहा.