डेटाचा खटला

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन मालिकेतील, १९८९ च्या फेब्रुवारीत प्रक्षेपित झालेला ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग, ज्यात ना युद्ध आहे ना परग्रहावरचे चमत्कार, केवळ एका अंतराळ-स्थानकावर चाललेली सुनावणी आहे, तो मला त्या मालिकेतील सर्वश्रेष्ठ भाग वाटतो, आणि तो लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास यांनी पूर्वी वकिली केली होती, हे त्याच्या रचनेत पदोपदी जाणवते.

डेटा या यंत्रमानव अधिकाऱ्याला उकलून त्याच्यासारखे अनेक घडवावेत, असा मॅडॉक्स या शास्त्रज्ञाचा मनसुबा. डेटा नकार देतो, राजीनामा सादर करतो, तेव्हा तो आरमाराची मालमत्ता असल्याने त्याला तो अखत्यारच नाही, असा हुकूम होतो. फेरसुनावणीत सरकारपक्षाची वकिली येते ती डेटाचा स्नेही रायकर याच्याकडे. त्याने कुचराई केली तर निकाल तत्काळ डेटाविरुद्ध जाणार, म्हणून तो भर न्यायासनासमोर मित्राचा हात देहापासून अलग करून दाखवतो, आणि पुढे जाऊन त्याने एक कळ दाबताच डेटा मेजावर निश्चेष्ट कोसळतो. पुरावा बिनतोड असतो, आणि तो सादर करणाऱ्याच्या चेहऱ्यावरची वेदनाही तितकीच खरी असते.

बचाव करणारा कप्तान पिकार्ड हताश होतो. परंतु गायनन ही कृष्णवर्णीय स्त्री (व्हूपी गोल्डबर्ग यांनी ती अत्यंत संयमाने रंगवली आहे) हजारो डेटांचे भवितव्य त्याच्यापुढे मांडते, आणि ‘मालमत्ता’ या सोज्ज्वळ संज्ञेआड गुलामगिरी दडली आहे, हे त्याच्या ध्यानी येते.

डेटाला आत्मा आहे की नाही, याचा निर्णय न्यायाधीश लुव्वा देत नाहीत. स्वतःविषयीही हे आपण शाबीत करू शकत नाही, असे सांगून त्या त्याला निवडीचे स्वातंत्र्य बहाल करतात. ही पळवाट आहे, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो मुळीच मान्य नाही : जिथे प्रमाण अशक्य आहे आणि चूक झाल्यास एका बाजूचे अस्तित्वच नष्ट होणार आहे, तिथे संशयाचा भार बलवत्तर पक्षानेच वाहिला पाहिजे. आणि नकाराचा हक्क मान्य होताच डेटा स्वतः मॅडॉक्सला संशोधन चालू ठेवण्यास सांगतो, तयारी पूर्ण झाल्यावर साहाय्याचे आश्वासनही देतो.