सर्पदंशावरील गोळी आणि तिचे आक्षेपक

सर्पदंशावर पोटात घ्यावयाची गोळी निघू पाहत आहे, हे ऐकताच मांत्रिकाची जडीबुटी आठवून नाक मुरडणाऱ्यांचा पूर्वपक्ष असा की, नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषांवर चालणारी, घोड्यांच्या रक्तरसापासून सिद्ध केलेली लस उपलब्ध असता नव्या रसायनाची उठाठेव कशाला. लसच तालुक्या-तालुक्याला पुरेशी पोचवावी.

लसीचे माहात्म्य आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. परंतु ती शिरेतून द्यावी लागते, तिची प्रतिक्रिया उसळून रक्तदाब कोसळला तर अ‍ॅड्रेनलिन घेऊन डॉक्टर उशाशी असावा लागतो, म्हणून ती रुग्णालयाच्या उंबरठ्याबाहेर सहसा पडू शकत नाही. आणि जमिनीवर निजलेल्या मजुराला रात्री मण्यार चावून जाते, दंशाची धड वेदनाही होत नाही, तेव्हा पापण्या जड होऊन तो रुग्णालय गाठीपर्यंत विषाने मज्जातंतूंच्या टोकांत शिरून आपले काम उरकलेले असते, व तेथवर लसीतील प्रतिपिंडांचे अवजड रेणू पोचत नाहीत. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, आणि त्यांतील बहुतेक खेड्यांत, राहत्या घरीच, असा संशोधकांचा अंदाज आहे. जे रुग्णालयात पोचलेच नाहीत, त्यांना तेथील लसीचा साठा काय कामाचा?

गोळीच्या रूपात देता येणारे वारेस्प्लॅडिब हे द्रव्य सूक्ष्म रेणूचे असून घोणस, मण्यार आदी सापांच्या विषातील फॉस्फोलिपेज ए-२ या विकराला निकामी करते. फुरशाच्या विषातील विकर जस्ताच्या बळावर रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरतात. जड धातूंच्या विषबाधेवर पूर्वीपासून वापरात असलेले युनिथिऑल ते जस्तच हिरावून घेते. नागाच्या मुख्य विषांवर मात्र वारेस्प्लॅडिबची मात्रा चालत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारत व अमेरिकेत झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या वारेस्प्लॅडिबच्या चाचणीत मुख्य निकष साधला गेला नाही, ही गोष्ट खरी. पण दंशानंतर ५ तासांच्या आत औषध मिळालेल्यांत गुणाची चिन्हे दिसली. चिन्ह म्हणजे सिद्धता नव्हे. तथापि ज्या औषधाचे सारे प्रयोजन त्वरेत आहे, त्याची विलंबानंतर परीक्षा घेऊन त्याला बाद ठरविणे हा न्याय नव्हे.

गोळी मिळाली की खेडूत रुग्णालयाकडे फिरकणारच नाही, या तिसऱ्या आक्षेपात गरिबाच्या बुद्धीविषयीचा अविश्वास तेवढा आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशावर योजून कोकणातले कितीतरी प्राण वाचविले. आणि विंचवाच्या विषावरील लस हाती आल्यावर, गोळी व लस एकत्र दिल्याने रोगी लवकर बरे होतात, हेही २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने त्यांनीच दाखवून दिले. गोळीने लसीला हुसकले नाही.

तेव्हा आमचा पक्ष एवढाच की गोळी लसीच्या जागी नव्हे, लसीच्या आधी असावी. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा काढून २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा संकल्प सोडला आहे. त्याच्या अंमलासाठी, घोणस-मण्यारीच्या मुलखातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतच पहिली मात्रा देऊन तिचा गुण पडताळणाऱ्या चाचणीची तजवीज सरकारने स्वखर्चाने आणि विनाविलंब करावी.