खेडं म्हणजे बदली कामगार नव्हे!



सीमाभागासाठी आपण काय मागत आलो? खेडं हा घटक धरा, सलगता पाहा, भाषिक बहुसंख्या पाहा आणि लोकांची इच्छा विचारा. बेळगाव-कारवारकडच्या शंभर उंबऱ्यांच्या गावालाही मत आहे, हे आपण दिल्लीला ठणकावून सांगितलं. मग आमचा सवाल असा, की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पंचक्रोशीतल्या खेड्याला मत नाही काय?

कल्याण-अंबरनाथ तालुक्यांतली 27 गावं घ्या. आशेळे, माणेरे, वसार त्यातलीच. 1983 साली ती महापालिकेत घातली. 2002 साली बाहेर काढली. 2015 साली पुन्हा आत. मार्च 2020 मध्ये त्यातली 18 बाहेर काढायचा हुकूम सुटला, तो डिसेंबरात हायकोर्टाने रद्द केला. आम्ही गिरणीवाले हा खेळ ओळखतो. बदली कामगार रोज दारात उभा राहायचा. जॉबरने बोट दाखवलं तर आत, नाही तर घरी! पण आज हजेरी लागली की नाही, हे बदलीवाल्याला त्याच दिवशी कळायचं. इथं गावाला वर्षानुवर्षं कळत नाही, की नळासाठी सरपंचाकडे जायचं की वॉर्ड ऑफिसात.

आता जनगणनेचा नियम ऐका. वस्ती किमान 5,000, कामकरी पुरुषांत शंभरी 75 शेतीबाहेर आणि चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं. तिन्ही जमलं की जनगणनेच्या वहीत गाव 'शहर' होतं. पण कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो. वहीत शहर, दारात खेडं! आणि शेतकऱ्याचा पोरगा शेतीबाहेर गेला तो हौसेनं गेला काय? जमीन गेली, म्हणून तो लोकल पकडून कारखान्यात गेला.

लहान गावाची गत याहून वाईट. वस्ती थोडी, म्हणून दोन-तीन गावं एकत्र बांधून गट ग्रामपंचायत करतात. मोठ्या गावाचे सदस्य जास्त, लहान गाव कोपऱ्यात. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाडीचा तर आकडाच वेगळा निघत नाही, तो महसुली गावाच्या आकड्यात विरघळतो.

आणि हा आकडा तरी कधीचा? 2011 चा! कुळगाव-बदलापूर 2001 साली एक लाखाच्या आत होतं, दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. 2021 ची जनगणना झालीच नाही, पुढची जाहीर झाली ती 2027 ची. जुन्या मस्टरवर नवा पगार वाटतात काय?

कुणी म्हणतील, एवढ्याशा गावाला कसला आलाय दर्जा? त्यांना उल्हासनगर दाखवा. 1949 साली लष्करी कॅम्पाला शहराचं नाव मिळालं आणि फाळणीने उखडलेल्या सिंधी बांधवांना ठाव मिळाला. चांगलं झालं, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. पण सरकारने मनात आणलं की बराकींचं शहर होतं. मग पिढ्यान्‌पिढ्या वसलेलं गावच ताटकळत का?

महापालिका वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. ज्या गावाला जायचं त्याने खुशाल जावं. पण विचारून! हरकती मागवायच्या आणि फायलीत बांधून ठेवायच्या, याला लोकेच्छा म्हणत नाहीत.

आमच्या मागण्या तीनच. हद्द बदलण्याआधी गावागावात गुप्त मतदान घ्या. त्याचा कौल सरकारवर बंधनकारक करा. 2027 च्या जनगणनेत प्रत्येक वाडी-पाड्याचा आकडा वेगळा जाहीर करा.

जे तत्त्व सीमेवर खरं, ते घरातही खरं. सीमेवर खेडं हा घटक आणि मुंबईच्या दाराशी खेडं म्हणजे नुसता सातबारा, हा दुटप्पीपणा मराठी राज्यात चालणार नाही. एका गावाचा सवाल समजून गप्प बसू नका. आज त्यांचं, उद्या तुमचं!

गाव आमचं, कौलही आमचाच!