मरव्याला उपाशी ठेवा

आमच्या वाचक भगिनींचा मरव्यावर भारी जीव. अबोलीच्या वेणीत मरव्याच्या दोन काड्या नसल्या, तर ती वेणी त्यांना वेणीच वाटत नाही. आणि तक्रारही ठरलेली! दिवाळीत लावलेले रोप होळीपर्यंत झकास असते, श्रावणात मात्र हटकून मरते. तर त्याला कोणते खत घालावे?

मी म्हणतो, बाई, घालता आहात तेच आधी बंद करा.

मरव्याचे माहेर सायप्रस आणि दक्षिण तुर्कस्तानात. कोरडे डोंगर, खडकाळ जमीन, उन्हाळाभर पावसाचे नाव नाही. सारे कुळच काटक. क्रीट बेटावरचा त्याचा लोकरी पानांचा भाऊबंद तर कड्यांच्या फटींत वाढतो. बाण लागलेली रानबकरी त्याचा पाला खाऊन अंगातला बाण पाडतात, असे ॲरिस्टॉटलने नोंदले आहे. (बकऱ्यांची साक्ष कोणी काढली, देव जाणे!) ‘केंट ब्यूटी’ ही शोभेची जातही याच कुळातली. तिची शोभा फुलांची नव्हे. बोगनवेलीत आपण ज्यांना फुले म्हणतो ती जशी खरी पानेच, तशीच हिची फिकट हिरवी, गुलाबी झाक असलेली पाने खवल्यांसारखी एकावर एक बसून झुंबरागत लोंबतात. मरव्याच्या तुऱ्यात त्या जागी नुसत्या हिरव्या गाठी. तरी कोकणच्या पावसात केंट ब्यूटीचा हट्ट नको. आपला मरवाच बरा.

अशा झाडाला आपण काळी माती, शेणखत आणि दोन वेळा पाणी देतो! ते फोफावते खरे, पण वास फिका पडतो, आणि आषाढाच्या झडीत मुळे कुजतात.

कुंडी मातीचीच घ्या. निम्मी माती, निम्म्यात जाड वाळू व विटांचा चुरा. बोटाची दोन पेरे खोल माती कोरडी लागली, तरच पाणी. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखालून उचलून ऊन येणाऱ्या खिडकीत आणा.

दिवाळीनंतरचे दिवस छाटे लावायला उत्तम. तुरा न आलेला, चार बोटे लांब शेंडा घ्या, खालची पाने काढा, ओलसर वाळूत खोचून सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत मूळ धरते. वेणीसाठी खुडाल तेव्हा मात्र कोवळे शेंडेच खुडा. जून लाकडापर्यंत कापलेली फांदी सहसा पुन्हा फुटत नाही.